खांदेरीचा दिवा आपले नाव कसे सांगतो

शनिवारी दुपारी गेटवेवरून लाँच धरायची, मांडव्याला उतरून रिक्षाने किहीम किंवा थळ गाठायचे, रात्री सुरमईवर ताव मारून वाळूत शतपावली घालायची, हा अनेक मुंबईकरांच्या सुट्टीचा ठरलेला क्रम आहे. त्या शतपावलीत केव्हातरी कोणाचे तरी लक्ष समुद्रातल्या एका उजेडाकडे जाते. तो चमकतो, नाहीसा होतो, पुन्हा चमकतो. मागच्या खेपेस आमच्या भाचीने तो बराच वेळ पाहिला आणि मग विचारले, "मामा, तो बल्ब गेलाय का? सारखा विझतोय." मोठ्यांना हसू आले, पण तिने नेमके मर्मावर बोट ठेवले होते. त्या दिव्याचे दिसेनासे होणे हे त्याच्या चमकण्याइतकेच विचारपूर्वक ठरवलेले असते.

तो दिवा खांदेरीचा. थळच्या किनाऱ्यासमोर, मुंबई बंदराच्या तोंडाशी, खांदेरी आणि उंदेरी अशी दोन बेटे आहेत. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ल्याचे काम सुरू केले, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांच्या आणि जंजिऱ्याच्या सिद्दीच्या पोटात गोळा आला. इंग्रजांनी गलबते पाठवून बेटाची कोंडी करून पाहिली, पण मराठा आरमारातल्या मायनाक भंडारी यांनी बेट राखले. एवढ्याशा खडकासाठी एवढी लढाई का, याचे उत्तर नकाशात आहे: मुंबईत शिरणारे आणि मुंबईतून निघणारे गलबत तिथून नजरेस पडते. जिथून सगळी गलबते दिसतात ती जागा सगळ्या गलबतांनाही दिसते, या साध्या न्यायाने १८६७ मध्ये त्याच बेटावर दीपगृह उभे राहिले. १९९८ मध्ये सरकारने बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिले, आणि २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये खांदेरीही आहे. कोळ्यांच्या तोंडी मात्र ती खांदेरीच, आणि तिथला वेताळ त्यांचा. किल्ल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दिव्याविषयी फारसे कोणी समजावून सांगत नाही, म्हणून इथून पुढे दिव्याविषयीच बोलू.

दीपगृहाबद्दल एक समजूत फार पक्की आहे. रस्त्यावरचा दिवा जसा रस्ता उजळतो तसा दीपगृहाचा झोत समुद्र उजळतो आणि त्या उजेडात तांडेलाला खडक दिसतात, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात दहा-पंधरा किलोमीटरवरच्या जहाजाभोवतीचे पाणी त्या झोताने उजळत नाही. जहाजावरच्या माणसाला दिसतो तो फक्त एक ठिपका, पण त्या ठिपक्यावरून त्याला दोन गोष्टी कळतात: ठिपका कोणत्या दिशेला आहे, आणि तो ठिपका कोणाचा आहे. दिशा होकायंत्रावर मोजता येते. खांदेरीचा दिवा अमुक अंशावर दिसला, की नकाशावर खांदेरीतून त्या दिशेची सरळ रेघ मारायची. आपले जहाज त्या रेघेवर कुठेतरी आहे एवढे नक्की होते. त्याच वेळी दुसरा एखादा ओळखीचा दिवा दिसत असेल, तर त्यातूनही तशीच रेघ मारायची. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे जहाज.

आपण मुंबईत पत्ता असाच सांगतो. "मारुतीच्या देवळासमोर, पिठाच्या गिरणीच्या डाव्या हाताला" एवढ्यावर नवखा माणूस बरोबर दारात येऊन उभा राहतो, पण त्याने चुकीची गिरणी धरली तर पुढचा सगळा पत्ता बरोबर असूनही तो भलत्याच चाळीत शिरतो. समुद्रावर भलत्या चाळीत शिरणे म्हणजे जहाज खडकावर नेणे. म्हणून दिव्याच्या प्रखरतेपेक्षा त्याची ओळख अधिक महत्त्वाची ठरते, आणि ओळख पटली नाही तर प्रखर दिवा मंद दिव्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, घातक ठरू शकतो.

याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. 'ग्रेट ब्रिटन' हे लोखंडी बांधणीचे, पाण्यातल्या पंख्याने (प्रोपेलरने) चालणारे जहाज त्याच्या काळातले जगातले सर्वांत मोठे जहाज होते. १८४६ च्या सप्टेंबरमध्ये ते लिव्हरपूलहून न्यूयॉर्ककडे निघाले आणि पहिल्याच रात्री आयर्लंडच्या डंड्रम खाडीत वाळूवर जाऊन रुतले. कप्तानाला दिवा दिसला होता, आणि दिसला होता म्हणूनच घात झाला. आयर्लंडच्या किनाऱ्यावरचा सेंट जॉन्स पॉइंटचा दिवा त्याने अलीकडच्या आइल ऑफ मॅन या बेटाजवळचा समजला आणि त्या समजुतीवर पुढचा मार्ग आखला. जीवितहानी झाली नाही, पण जहाज वाळूतून सोडवायला पुढच्या वर्षीचा ऑगस्ट उजाडला, आणि त्या खर्चाने मालक कंपनी बुडाली.

पाच वर्षांनी, १८५१ मध्ये, चार्ल्स बॅबेज यांनी यावर एक तोडगा सुचवला. गणकयंत्राचे जनक म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच हे बॅबेज. त्यांचे म्हणणे असे, की प्रत्येक दीपगृहाला एक आकडा द्यावा आणि दिवा ठरावीक रीतीने मधूनमधून झाकून त्याने रात्रभर तोच आकडा सांगत राहावे. लंडनच्या त्या वर्षीच्या महाप्रदर्शनाच्या काळात त्यांनी आपल्या घराच्या खिडकीत तसा दिवा लावूनही दाखवला. आकड्यांची ती पद्धत जशीच्या तशी रुजली नाही, पण अंधाराचाही अक्षरासारखा वापर करता येतो ही कल्पना पुढे सर्वमान्य झाली. आज समुद्रावरचे दिवे आपली ओळख तालावर सांगतात. एक चमक आणि मग अंधार, दोन चमका आणि मग अंधार, तीन चमका. कुठे उजेड जास्त आणि अंधाराची झापड क्षणभराची. कुठे उजेड आणि अंधार समसमान. एका फेऱ्याची सुरुवात ते पुढच्या फेऱ्याची सुरुवात यातला काळ सेकंदांत ठरलेला असतो आणि तो नकाशावर दिव्याच्या चिन्हाशेजारी छापलेला असतो. शेजारशेजारच्या दिव्यांना एकच ताल दिला जात नाही. रंगही वापरतात, पण जपून, कारण लाल काच बराचसा उजेड स्वतःच गिळते आणि तोच दिवा कमी अंतरावरून दिसू लागतो. म्हणून लांबचा दिवा सहसा पांढरा असतो आणि लाल रंग बऱ्याचदा एखाद्या धोक्याच्या पट्ट्यापुरता राखून ठेवतात: जहाज सुरक्षित पाण्यात असेल तर दिवा पांढरा दिसावा, खडकांच्या बाजूला सरकले तर लाल.

मुंबईला या तालाची गरज आता पूर्वीपेक्षा जास्त आहे, असे मला वाटते. दीडशे वर्षांपूर्वी बाहेरून येणाऱ्या जहाजाला काळोख्या किनाऱ्यावर मोजके उजेड दिसत. त्यात दीपगृह आपोआप उठून दिसे. आज रात्री मांडव्याच्या धक्क्यावरून उत्तरेकडे पाहिले तर क्षितिजावर उजेडाची भिंत उभी असते. इमारतींच्या खिडक्या, जाहिरातींचे फलक, बांधकामांवरच्या क्रेनचे लाल दिवे, नांगरून पडलेल्या जहाजांचे दिवे, असे हजारो ठिपके एकाच वेळी डोळ्यांवर येतात. या गर्दीत नुसता प्रखर दिवा हरवून जाईल. पण डोळा तालाला चटकन पकडतो. गर्दीच्या फलाटावर ओळखीची शीळ जशी कानाला वेगळी लागते, तसा.

आता दुसरा प्रश्न. बेटावरचा एक दिवा तीस किलोमीटरवरून दिसतो कसा? आजचे सोडा, पण खांदेरीचे दीपगृह बांधले तेव्हा वीज नव्हती, वातीवर जळणारी तेलाची ज्योत होती.

ज्योतीचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो: वर आकाशात, खाली जमिनीवर, मागे, पुढे. अंतर दुप्पट झाले की तोच उजेड चौपट क्षेत्रावर पसरतो आणि चार पटींनी फिका होतो. एका मीटरवर जो उजेड मिळतो त्याच्या दहा कोटींव्या हिश्शाइतका दहा किलोमीटरवर उरतो. ज्योत मोठी करून हे गणित सुटत नाही. सुटते ते उधळपट्टी थांबवून. आकाशाकडे आणि जमिनीकडे वाया जाणारा सगळा उजेड गोळा करून क्षितिजाच्या दिशेने एका अरुंद झोतात घालता आला, तर काय होईल याचा हिशेब सोपा आहे. सगळ्या दिशांचा उजेड पाच अंश रुंदीच्या एका शंकूत कोंबला, तर त्या शंकूतला माणूस तीच ज्योत सुमारे दोन हजार पट प्रखर पाहील. एकाऐवजी असे आठ झोत केले, तरी प्रत्येक झोत अडीचशे पट प्रखर होतो. काचेत आणि सांध्यांत काही उजेड वाया जातोच, पण हा जादूचा नसून काटकसरीचा मामला आहे हे यावरून ध्यानात यावे.

गोळा करायचा कसा? आधी लोकांनी ज्योतीमागे धातूचे चकचकीत आरसे लावले, पण त्या काळचा धातूचा आरसा जवळजवळ अर्धा उजेड स्वतःच खाऊन टाकत असे. दुसरा उपाय म्हणजे ज्योतीसमोर मोठे बहिर्वक्र भिंग ठेवणे. पण भिंग मोठे करायचे तर ते मध्यभागी जाडजूडही होते. एवढ्या जाडीची निर्दोष काच ओतणे कठीण, तिचे वजन पेलणे कठीण, आणि जाड काचेतून जाताना उजेड पुन्हा कमी होतो.

हा गुंता सोडवला ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच रस्ते-अभियंत्याने. त्याने हेरलेली गोष्ट अशी: काचेत शिरताना आणि काचेतून बाहेर पडताना, म्हणजे फक्त पृष्ठभागावर, प्रकाश वळतो, मधल्या जाडीतून तो सरळ जातो. मग ती मधली काच तिथे हवीच कशाला? भिंगाची वक्र पाठ वर्तुळाकार पट्ट्यांत कापायची, प्रत्येक पट्टीचा उतार तसाच ठेवायचा आणि पोटातली निरुद्योगी काच काढून टाकून सगळ्या पट्ट्या एका पातळीवर आणून बसवायच्या. पायऱ्यापायऱ्यांचे भिंग ही कल्पना त्याच्याआधी ब्यूफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञांना सुचली होती, पण फ्रेनेलने ती स्वतंत्रपणे गाठली आणि काचेचे वेगवेगळे तुकडे घासून, जोडून दीपगृहात प्रत्यक्ष चालवून दाखवली. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या जिरोंद नदीच्या मुखाशी असलेल्या कोर्दुआँच्या दीपगृहावर त्याचे भिंग बसले. चार वर्षांनी, वयाच्या ३९ व्या वर्षी, क्षयाने त्याचा मृत्यू झाला.

हे भिंग पाहायला दीपगृहात जायची गरज नाही. वयस्कर माणसे पंचांगातली किंवा औषधाच्या कागदावरची बारीक अक्षरे वाचायला प्लास्टिकचे एक पातळ, पोस्टकार्डासारखे चपटे भिंग वापरतात. स्टेशनरीच्या दुकानात ते स्वस्तात मिळते. त्यावरून अंगठ्याचे नख हळूच ओढले की बारीक खरखर लागते. उजेडात तिरके धरले तर चकलीच्या वेढ्यांसारखी, एकात एक अशी शेकडो वर्तुळे दिसतात. ती प्रत्येक वर्तुळरेघ म्हणजे जाड भिंगाच्या पाठीचा एक कापलेला तुकडा आहे. माझ्या वडिलांच्या पंचांगात खूण म्हणून ठेवलेले तसले भिंग आणि दीपगृहातले काचेचे धूड यांत तत्त्वाचा काडीमात्र फरक नाही.

आकाराचा फरक मात्र प्रचंड आहे. दीपगृहांच्या भिंगांना आकाराप्रमाणे श्रेणी देतात. पहिल्या श्रेणीच्या भिंगात ज्योतीपासून काचेपर्यंतचे अंतर ९२० मिलिमीटर असते, म्हणजे आतला व्यास पावणेदोन मीटरांहून जास्त आणि उंची अडीच मीटरांच्या आसपास. धडधाकट माणूस आत उभा राहून काचा पुसू शकतो. मध्यभागी गोल भिंगे आणि त्यांच्या वर-खाली त्रिकोणी लोलकांच्या रांगा, अशी त्याची रचना असते. वरच्या आणि खालच्या टोकाला जाणारा उजेड इतका तिरका असतो की त्याला नुसते वळवून भागत नाही. तिथले लोलक उजेडाला आपल्या आतल्या पृष्ठभागावर आपटवून क्षितिजाकडे पाठवतात. काचेच्या आतून येणारा किरण पुरेसा तिरका पडला तर तो बाहेर न जाता सगळाच्या सगळा परत फिरतो; विहिरीत बुडी मारून तिरके वर पाहिले की पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो, तोच हा प्रकार. धातूच्या आरशासारखी गळती त्यात नाही.

आता भाचीच्या प्रश्नाकडे परत येता येते. जुन्या घडणीच्या अशा दीपगृहात ज्योत अखंड तेवत असते, आणि तिच्याभोवती भिंगांचा पिंजरा संथपणे फिरत असतो. पिंजऱ्यातल्या प्रत्येक गोल भिंगातून एक झोत बाहेर पडतो, चाकाच्या आऱ्यांसारखा. आरा आपल्या डोळ्यांवरून गेला की चमक, दोन आऱ्यांमधली मोकळी जागा आली की अंधार. चार भिंगे समान अंतरावर असतील आणि पिंजरा चाळीस सेकंदांत एक फेरी मारत असेल, तर दर दहा सेकंदांनी एक चमक मिळेल. भिंगे जोडीजोडीने जवळ बसवली तर दोन चमका आणि मग मोठा अंधार. दिव्याचा ताल असा काचेच्या मांडणीत कोरलेला असतो.

पण टनावारी वजनाची काच रात्रभर एका गतीने फिरवायची कशी? लंबकाच्या घड्याळासारखी साखळीला वजने टांगलेली असत. ती मनोऱ्याच्या पोटातून हळूहळू खाली उतरत आणि दातेरी चाके फिरवत. वजन तळाला पोचायच्या आत राखणदाराने किल्ली फिरवून ते पुन्हा वर चढवायचे, आणि हे रात्रीतून अनेकदा. सुरुवातीला पिंजरा रुळांसारख्या चाकांवर फिरे, त्यामुळे घर्षण जास्त आणि फेरी संथ. एक मिनिट अंधारात थांबावे लागले तर डोलत्या जहाजावरच्या माणसाला दिवा पुन्हा हुडकावा लागे. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये पिंजरा पाऱ्याच्या कढईत तरंगता ठेवण्याची युक्ती निघाली. पारा इतका जड, की काचेचे सगळे धूड त्यावर होडीसारखे तरंगते आणि बोटाने ढकलले तरी फिरते. फेऱ्या जलद झाल्या, पण बंद खोलीत पाऱ्याची वाफ हुंगत राखणदारांनी किती आयुष्ये काढली असतील, याचा विचार त्या काळी कोणी केला नाही. पारा विषारी आहे, म्हणूनच आता तो ठिकठिकाणी काढून टाकतात.

राखणदाराचे आणखी एक काम मला फार आवडते. सकाळ झाली की काचेच्या खोलीला पडदे लावायचे. भिंग रात्री ज्योतीचा उजेड बाहेर पाठवते, तर दिवसा तेच भिंग सूर्याचा उजेड आत, नेमका वातीच्या जागी, गोळा करते. मुले भिंगाने कागद जाळतात तसे दीपगृह स्वतःलाच जाळू शकते.

इंधनाची हकीकत थोडक्यात आटोपता येते. लाकूड आणि कोळशाच्या शेगड्या, मग खोबरेल, सरसू अशी तेले, १७८० च्या सुमाराची आर्गां या संशोधकाची पोकळ वात आणि काचेची चिमणी, मग रॉकेल. १९०१ मध्ये रॉकेलची वाफ दाबाखाली जाळून तिने जाळी तापवायची पद्धत आली, ती आपल्या ओळखीची आहे: वरातीत डोक्यावर वाहून नेत असत ती पंप मारायची गॅसबत्ती याच तत्त्वावर चालते. नंतर वीज.

उंचीचा विषय मात्र जरा थांबून समजून घेण्यासारखा आहे, कारण तिथे पृथ्वीचा गोलपणा आडवा येतो. दिवा कितीही प्रखर असला तरी क्षितिजाखाली गेला की संपला. समुद्रावर क्षितिज किती लांब, याचे एक सोयीचे सूत्र आहे: पाण्यापासूनच्या उंचीचे मीटरमधले वर्गमूळ काढून त्याला ३.८५ ने गुणले की किलोमीटर मिळतात. गिरगाव चौपाटीच्या वाळूत उभ्या असलेल्या माणसाचा डोळा दीड-पावणेदोन मीटरवर असतो, म्हणजे त्याचे क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर. आपल्याला अथांग वाटणारा समुद्र दादर ते वांद्र्याच्या पलीकडे थोडाच जातो, हे पहिल्यांदा कळले तेव्हा मला फसवणूक झाल्यासारखे वाटले होते. दिवा ४० मीटरवर असेल तर त्याचे क्षितिज २४ किलोमीटरवर. ज्याचा डोळा पाण्यापासून चार मीटरवर आहे अशा नाखव्याचे क्षितिज पावणेआठ किलोमीटरवर. दोन्हींची बेरीज केली की दिवा आणि डोळा एकमेकांना जास्तीत जास्त बत्तीस किलोमीटरवरून पाहू शकतात. जहाज हाकायच्या उंच खोलीतून पाहणाऱ्या मोठ्या जहाजाच्या कप्तानाला तोच दिवा आणखी लांबून दिसतो.

मग मनोरा मलबार हिलवर किंवा आणखी उंच डोंगरावर का बांधू नये? दक्षिण आफ्रिकेतल्या केप पॉइंटला हा प्रयोग झाला आहे. १८६० मध्ये समुद्रापासून २३८ मीटर उंचीवर तिथे दिवा लागला. हवा स्वच्छ असेल तेव्हा तो फार लांबून दिसे, पण अनेक रात्री तो ढगांत बुडालेला असे आणि खाली जहाजे अंधारात. १९११ मध्ये 'लुसिटानिया' नावाचे पोर्तुगीज जहाज तिथल्या खडकावर फुटले (पुढे पाणबुडीने बुडवलेली प्रसिद्ध 'लुसिटानिया' वेगळी), आणि त्यानंतर नवा दिवा मुद्दाम खाली, ८७ मीटरवर बांधला गेला. शिवाय दिवा धोक्याच्या जागी असावा लागतो, सोयीच्या जागी असून चालत नाही.

मुंबईने हा धडा कुलाब्यात गिरवला. बंदराचे तोंड नैर्ऋत्येला उघडते. आत शिरणाऱ्या जहाजाच्या एका हाताला खांदेरी, उंदेरी आणि थळचे खडक, तर दुसऱ्या हाताला कुलाब्याचे टोक. पण कुलाब्याची जमीन जिथे संपते तिथे खडक संपत नाही; जेवणाच्या काट्याच्या दातांसारखा तो पाण्याखालून आणखी दक्षिणेला जातो. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला दिसेनासा होतो. यालाच इंग्रजांनी प्राँग्ज हे नाव दिले. अठराव्या शतकापासून कुलाब्याच्या जमिनीवर दीपगृह होते, आणि 'कुलाब्याची दांडी' म्हटले की जुन्या मुंबईकरांना तेच आठवे (शाळेला मारायच्या दांडीशी याचा संबंध नाही). त्याची अडचण अशी, की दिवा खडकाच्या आतल्या बाजूला आणि धोका बाहेरच्या बाजूला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, युरोपातून येणाऱ्या वाफेच्या जहाजांची गर्दी वाढली, आणि १८७५ मध्ये थॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याने प्रत्यक्ष खडकावरच, पाण्यात, ४१ मीटर उंचीचा गोल मनोरा उभा केला. हे प्राँग्जचे दीपगृह. पुढे बंदराच्या आत, सनक रॉकवर, १८८४ मध्ये आणखी एक दिवा आला.

भरती-ओहोटीच्या खडकावर बांधकाम करणे म्हणजे काय, हे ज्याने वेळापत्रक पाहून मासेमारी केली आहे त्यालाच नीट कळेल. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरांच्या वर चढते. काम करायला मिळतात ते ओहोटीचे मोजके तास, आणि पावसाळ्यात तेही नाहीत. अशा बांधकामाची विद्या जॉन स्मीटन यांनी इंग्लंडमधल्या एडिस्टन खडकावर १७५९ मध्ये घालून दिली होती. त्यांनी दगड असे घडवले की एकाची रुंद होत जाणारी जीभ शेजारच्याच्या खाचेत अडकावी, सुतार कपाटाचा खण जोडतो तशी. आणि पाण्याखालीही घट्ट होणारा चुना शोधून काढला. मनोरा गोल आणि बुंध्याशी रुंद ठेवला, म्हणजे लाट त्यावर थडकण्याऐवजी बाजूने निसटते. त्यांचा मनोरा शाबूत राहिला; शतकभराने त्याखालचा खडकच झिजला, तेव्हा वरचा भाग काढून प्लिमथच्या टेकडीवर नेऊन ठेवला.

प्राँग्जच्या मनोऱ्यावर आडवे रंगीत पट्टे आहेत. ते शोभेसाठी नाहीत. रात्री जे काम ताल करतो, ते दिवसा रंग आणि आकार करतात. त्यामुळे शेजारशेजारचे मनोरे मुद्दाम वेगळे रंगवतात. कुलाब्याच्या अफगाण चर्चचा उंच सुळकाही जुन्या काळी खलाशांना दिवसाची खूण म्हणून उपयोगी पडे.

दीपगृहाला काय जमत नाही, हेही सांगितले पाहिजे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती सकाळची वेळ होती. खवळलेल्या पावसाळी समुद्राला कोणताही दिवा आवरू शकत नव्हता. ७ ऑगस्ट २०१० रोजी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही दोन मालवाहू जहाजे दिवसाउजेडी एकमेकांवर आदळली, 'चित्रा' कलंडून प्राँग्जच्या दीपगृहाजवळ रुतली, कंटेनर बंदरात तरंगत सुटले आणि तेलाचा तवंग किनाऱ्यांपर्यंत आला. आपण कुठे आहोत हे दिवा सांगतो. समोरून येणाऱ्याचा बेत काय आहे, हे तो सांगू शकत नाही.

उपग्रहावरून क्षणात ठिकाण कळत असताना दीपगृहे हवीत कशाला, असा प्रश्न आता विचारला जातो. एक उत्तर असे, की उपग्रहाचा संदेश फार क्षीण असतो, तो दाबून टाकता येतो किंवा खोटा पाठवता येतो, आणि तसे प्रकार समुद्रावर घडत आहेत. काचेतून येणारा उजेड मात्र डोळ्याला दिसतो तसाच असतो. दुसरे म्हणजे लहान होड्यांवर यंत्र बंद पडले की उरते ती नजर. दिव्याखालचे तंत्र बदलले आहे: एलईडी आले, सौरपट आले, आणि भिंग न फिरवता दिवाच तालावर चालू-बंद करता येतो. काही ठिकाणी दिव्याबरोबर रडारला उत्तर देणारे यंत्रही बसवतात. जहाजाच्या रडारची लहर त्यावर आदळली की ते मोर्स लिपीतले एक अक्षर परत पाठवते आणि रडारच्या पडद्यावर त्या दीपगृहापाशी टिंबे आणि रेघा उमटतात. बॅबेज यांनी खिडकीत मांडलेलाच तो खेळ.

किनाऱ्यावरून ताल मोजायचा असेल तर फोनवरचे स्टॉपवॉच पुरते. पहिली चमक दिसताच लगेच सुरू करायचे नाही, कारण ती जोडीतली दुसरी चमक असू शकते. दोन-तीन फेरे नुसते पाहून घ्यायचे, सगळ्यात मोठा अंधार कुठे आहे ते ठरवायचे आणि त्या अंधारानंतरच्या चमकेपासून पुन्हा तशाच चमकेपर्यंत मोजायचे. भाचीने वाळूत बसून चार वेळा मोजले. तीन वेळा आकडा जवळजवळ सारखा आला. चौथ्या वेळी मधे दिवा लागलाच नाही, म्हणून ती ओरडली, आणि मग थळच्या दिशेने परतणाऱ्या होडीच्या इंजिनाचा टकटक आवाज आम्हाला ऐकू आला. ती नेमकी मधे आली होती.